यादीतून खोडलेलं नाव : फातमा बेगम

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात ८ मार्चसाठी एक भित्तिपत्रक करायचं ठरलं. शाळेत जाणाऱ्या मुलींना कर्तबगार मुस्लिम स्त्रियांची ओळख व्हावी, एवढाच हेतू होता. दहा नावांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. रझिया सुलतान, अहमदनगरची चांदबीबी, अवधच्या बेगम हजरत महल, भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम, सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख अशी नावं लिहीत गेलो. दहावं नाव लिहिलं फातमा बेगम. पुढे ओळ टाकली : भारतातल्या पहिल्या महिला चित्रपट दिग्दर्शक, १९२६.

यादी सरांकडे गेली. सर म्हणजे आमचे निवृत्त उर्दू शिक्षक. मोहल्ल्यातली निम्मी पिढी त्यांच्या हाताखाली शिकली, मीही शिकलो. त्यांनी यादी सावकाश वाचली, खिशातून पेन काढलं आणि दहाव्या नावावर आडवी रेघ मारली. "बेटा, ये नाम रहने दे. लडकियों के सामने क्या बोलेगा तू?"

मी म्हणालो, "सर, पिक्चर बनवणारी ही पहिली बाई आहे."

सरांनी एकच प्रश्न विचारला, "निकाह हुआ था उसका?"

मी गप्प बसलो. भित्तिपत्रकावर दहावं नाव दुसऱ्याच कुणाचं तरी छापलं गेलं. सरांना जुनाट म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण याच सरांनी कितीतरी मुलींच्या बापांशी भांडून त्यांना कॉलेजात पाठवलंय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तो प्रश्न मनात राहिला. फातमा बेगम यांच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न एकट्या सरांचा नाही. शंभर वर्षं या बाईंच्या नावापुढे हाच प्रश्न आधी विचारला गेलाय. त्यांनी काय केलं, हे त्यानंतर. तेही कुणाला वेळ मिळालाच तर.

पडद्यावर बाई कुठून आणायची?

फातमा बेगम यांचं महत्त्व कळायला दहा वर्षं मागे जावं लागतं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामती कुणी केली हे आपल्याला ठाऊक आहे. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. बाईच्या भूमिकेसाठी फाळक्यांनी खूप शोध घेतला. ज्यांना समाज वेश्या म्हणतो, त्यांच्या दारापर्यंत ते गेले. तिथूनही नकार आला. पुढे 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या.

त्याच १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. या मायलेकींनी वाट उघडली, पण ती लगेच रहदारीची झाली नाही. नंतरच्या काळात मूकपटांच्या नायिका बऱ्याचशा अँग्लो-इंडियन आणि ज्यू घरांतून आल्या. कोलकात्याच्या पेशन्स कूपर, मुंबई गाजवणाऱ्या रुबी मायर्स. रुबी मायर्स पुण्यात जन्मलेल्या. पडद्यावर त्या 'सुलोचना' झाल्या. रेनी स्मिथ 'सीतादेवी' झाल्या. हिंदू घरातल्या, मुस्लिम घरातल्या बायकांना कॅमेऱ्यासमोर उभं राहणं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगणं होतं. या एका बाबतीत दोन्ही समाजांचं पूर्ण एकमत होतं.

सुभद्रा आणि उत्तरा

फातमा बेगम यांचा जन्म १८९२ सालचा, उर्दू बोलणाऱ्या मुस्लिम कुटुंबातला. त्यांची घडण उर्दू रंगभूमीवर झाली. त्या काळचं उर्दू नाटक म्हणजे लांबलचक संवाद, शेरोशायरी, गाणी, पऱ्या, जिन आणि राजवाडे. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे, ही तिथली पहिली अट. अशा नाटकात मुरलेली बाई वयाच्या तिशीत मूकपटात आली. म्हणजे जे तिचं मुख्य हत्यार होतं, आवाज, तेच बाजूला ठेवून तिला नव्याने सुरुवात करावी लागली.

१९२२ साली अर्देशिर इराणी आणि भोगीलाल दवे यांच्या स्टार फिल्म कंपनीने 'वीर अभिमन्यू' काढला. दिग्दर्शक मणिलाल जोशी. फातमा बेगम यांनी सुभद्रा केली. त्यांची मुलगी सुलताना उत्तरा झाली. घरातल्या मायलेकी पडद्यावर सासू-सून. निर्माता पारशी, दिग्दर्शक गुजराती हिंदू, आणि महाभारतातली सुभद्रा व उत्तरा मुस्लिम. श्रेयनामावलीत नाव फातमा बेगम असंच. पुढे १९४० च्या दशकात युसूफ खानचे दिलीपकुमार झाले, मुमताज जहाँची मधुबाला झाली, महजबींची मीनाकुमारी झाली. त्या नावांमागे बाजाराचा हिशेब होता. त्याच्या वीस वर्षं आधी ही बाई स्वतःच्या नावाने सुभद्रा म्हणून उभी राहिली, ही गोष्ट आजच्या दिवसांत मला पुन्हा पुन्हा आठवते.

मूकपटात काम करणं म्हणजे काय, याचाही थोडा विचार करायला हवा. स्टुडिओ बहुतेक सूर्यप्रकाशावर चालायचे. कॅमेरा हाताने फिरवायचा. बोललेलं काही ऐकू जाणार नाही, त्यामुळे सगळा भार डोळ्यांवर, मानेवर, हातांवर. अधूनमधून पडद्यावर पाट्या यायच्या, बऱ्याचदा दोन-तीन भाषांत. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारचा मोठ्याने वाचून दाखवायचा. पडद्याशेजारी पेटी-तबला. मराठी, गुजराती, उर्दू बोलणारा माणूस एकाच बाकावर बसून एकच चित्रपट पाहायचा आणि कुणालाच भाषा अडवायची नाही.

'वीर अभिमन्यू'नंतर फातमा बेगम यांना काम मिळत गेलं. १९२४ चा 'पृथ्वी वल्लभ', १९२५ चा 'मुंबई नी मोहिनी' हे त्यांचे त्या काळातले चित्रपट. द्वारकादास संपत यांची कोहिनूर आणि अर्देशिर इराणींची इंपिरियल या मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांत त्या काम करत राहिल्या.

फातमा फिल्म्स

पडद्यावर येऊन चार वर्षं होतात न होतात तोच, १९२६ साली, त्यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव फातमा फिल्म्स. दोन वर्षांनी तीच व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स झाली. कंपनीचा 'बुलबुल-ए-परिस्तान' त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. भारतीय बाईने दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट मानला जातो. दिग्दर्शन, निर्मिती, अभिनय असं सगळं त्या स्वतःच्या कंपनीत करत होत्या आणि त्याच वेळी दुसऱ्यांच्या कंपनीत नटी म्हणूनही जात होत्या. स्वतःचा धंदा उभा करायचा आणि घर चालावं म्हणून दुसऱ्याकडेही कामाला जायचं, हे आपल्या घराघरांतल्या बायकांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

'बुलबुल-ए-परिस्तान' हा परीकथेचा चित्रपट. कॅमेऱ्याच्या करामती वापरून अद्भुत जग उभं करणारा, म्हणून त्याची नोंद आहे. परीकथा ही पोरखेळाची गोष्ट नव्हती. 'गुल-ए-बकावली'सारखे किस्से फारसीतून उर्दूत, उर्दूतून रंगभूमीवर आणि तिथून पडद्यावर आले होते. १९२४ च्या कोहिनूरच्या 'गुल-ए-बकावली'त फातमा बेगम यांची मुलगी जुबेदा होती आणि चित्रपट चांगला चालला होता. म्हणजे प्रेक्षक आहे, गोष्ट ओळखीची आहे, आणि आवाज नसलेल्या माध्यमात अशी गोष्ट नुसती दाखवून सांगता येते, हे फातमा बेगम यांनी ओळखलं. हा धंद्याचा आणि कलेचा, दोन्हींचा हिशेब होता.

गंमत म्हणजे जगातल्या पहिल्या महिला दिग्दर्शक मानल्या जाणाऱ्या फ्रान्सच्या अलिस गी यांचा १८९६ चा पहिला चित्रपटही परीचाच होता. कोबीच्या शेतातून बाळं काढणारी परी. हॉलिवूडच्या डोरोथी आर्झनर यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट १९२७ चा, म्हणजे आपल्या फातमा बेगम यांच्यानंतरचा.

पुढच्या तीन वर्षांत त्यांच्या नावावर आणखी चित्रपट लागले. १९२८ ला 'हीर रांझा' आणि 'चंद्रावली', १९२९ ला 'शकुंतला', 'मिलन दीनार', 'कनकतारा'. नावांवर नजर टाका. पंजाबची लोककथा, कालिदासाची नायिका आणि परिस्तानची बुलबुल. एकाच बाईच्या डोक्यात हे सगळं एकत्र नांदत होतं. आज आपण ज्याला गंगा-जमनी तहजीब म्हणून भाषणं देतो, ते त्यांच्यासाठी रोजचं काम होतं.

नवाबाची गोष्ट

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो.

फातमा बेगम यांच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिलं गेलंय ते सचिनच्या नवाबांविषयी. सचिन हे सुरतेजवळचं छोटं संस्थान. मराठी वाचकांना ते परकं नाही, कारण हे नवाब आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याची शाखा. अठराव्या शतकाच्या अखेरीस जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात, पेशव्यांशी झालेल्या करारातून त्यांना हा मुलूख मिळाला. तिथले नवाब सिद्दी इब्राहिम मुहम्मद याकूत खान तिसरे यांच्याशी फातमा बेगम यांचं नातं जोडलं जातं. जुबेदा, सुलताना आणि शहजादी या तीन मुली नवाबांच्या, असं सांगितलं जातं. जुबेदाचा जन्म १९११ चा, सुरतेचा.

कागदावर मात्र निकाहाची नोंद नाही. नवाबांनी या मुलींना आपलं म्हटल्याचीही नोंद नाही. मुस्लिम कायद्यात बापाचं नाव लागायला निकाह किंवा बापाची कबुली लागते. दोन्ही नाहीत. तरीही सिनेमावरच्या लेखांत फातमा बेगम 'नवाबाच्या बेगम' होतात आणि मुली 'राजकन्या'.

ही गोष्ट इतकी का चिकटली? मला वाटतं, दोन्ही बाजूंना ती सोयीची होती. ज्यांना या बाईंचा अभिमान वाटतो, त्यांना त्यांची अब्रू राखायला एक नवाब हवा असतो. ज्यांना लाज वाटते, त्यांना त्याच नवाबावरून बोट दाखवता येतं. दोघांच्या भांडणात चित्रपट बाजूलाच राहतात. शिवाय 'नवाबाची बेगम' म्हटलं की कंपनी उघडणं हा राणीसाहेबांचा छंद वाटायला लागतो. कागद बघितले तर दिसतं ते इतकंच : नवाबांनी ज्यांना नाव दिलं नाही अशा तीन मुलींची आई तिशीत नव्या धंद्यात उतरली आणि चार वर्षांत त्या धंद्यात मालक झाली.

सर, निकाहाचा कागद नाही. माझं उत्तर हे आहे. पण हा प्रश्न सचिनच्या नवाबांना कधी कुणी विचारला का?

मुलींचं पुढे काय झालं

आईने तिन्ही मुलींना या धंद्यात आणलं. सुलताना आणि जुबेदा मूकपटांच्या आघाडीच्या नायिका झाल्या. टागोरांच्या 'विसर्जन' नाटकावर नवल गांधींनी १९२७ साली 'बलिदान' काढला. त्यात सुलोचना आणि मास्टर विठ्ठल यांच्याबरोबर जुबेदा होती. ब्रिटिश सरकारने त्याच सुमारास टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी करणारी समिती नेमली होती. भारतीय चित्रपट कुठवर पोहोचू शकतो याचा नमुना म्हणून समितीने 'बलिदान'चं नाव घेतलं.

आणि मग १४ मार्च १९३१. गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. भारताचा पहिला बोलपट. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. निर्माते-दिग्दर्शक तेच अर्देशिर इराणी, ज्यांच्या कंपनीने नऊ वर्षांपूर्वी फातमा बेगम यांना सुभद्रा दिली होती. नायिका त्यांचीच लेक, जुबेदा. नायक मराठी मास्टर विठ्ठल. आधीच्या कंपनीने करार मोडल्याचा दावा विठ्ठल यांच्यावर लावला, तेव्हा त्यांची बाजू बॅरिस्टर मोहम्मद अली जिनांनी लढवली होती.

बोलपट आला आणि मूकपटाचं दुकान आवरायला लागलं. ध्वनियंत्रं महाग, त्यासाठी बंदिस्त स्टुडिओ लागणार, खर्च कितीतरी पटीने वाढलेला. लहान कंपन्या त्यात टिकल्या नाहीत. फातमा बेगम यांची कंपनीही बोलपटाच्या जमान्यात उभी राहिली नाही. त्यांचं पडद्यावरचं शेवटचं काम १९३८ चं, 'दुनिया क्या है'.

जुबेदाने मात्र आईचा कित्ता गिरवला. १९३४ साली नानूभाई वकिलांबरोबर तिने महालक्ष्मी मूव्हीटोन काढली. पुढे हैदराबादच्या धनराजगीर घराण्यातल्या राजे नरसिंगगीर यांच्याशी तिचं लग्न झालं. मुंबईत गेटवेजवळ उभं असलेलं धनराज महल याच घराण्याचं. सुलताना फाळणीनंतर कराचीला गेली. तिची मुलगी जमीला रज्जाक पाकिस्तानी चित्रपटांत नायिका झाली. एका आईच्या तीन मुलींपैकी एक सरहद्दीच्या इकडे, एक तिकडे. असं घर आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नात्यात आहे.

जे उरलं नाही

फातमा बेगम यांचा एकही चित्रपट आज पाहता येत नाही. त्यांनी कसा अभिनय केला, परिस्तान कसं उभं केलं, कॅमेरा कुठे ठेवला, हे आपल्याला कधीच कळणार नाही. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत शिल्लक आहेत ते जेमतेम तीस. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भसकन पेट घेणारी. गोदामांना आगी लागायच्या. जी फिल्म जळाली नाही ती वितळवून तिच्यातली चांदी काढून विकली गेली. बोलपट आल्यावर मूकपटाला भंगाराची किंमत होती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. तोवर तीन दशकं उलटून गेली होती.

फिल्म जळाली हे समजू शकतं. पण माणूस तर होता. फातमा बेगम १९८३ पर्यंत हयात होत्या. वयाची नव्वदी पार केली त्यांनी. १९८२ साली दुर्गा खोटे यांचं आत्मचरित्र आलं. हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका' त्याच्या एक तप आधीचं. ही पुस्तकं आपण आवडीने वाचली आणि वाचायलाच हवीत. दुर्गाबाई १९३१ साली सिनेमात आल्या, तेव्हा प्रतिष्ठित घरातली सुशिक्षित बाई पडद्यावर आली म्हणून केवढा गाजावाजा झाला. पण त्या पडद्यावर बाईला उभं राहता येतं, तिथे कंपनी काढता येते, दिग्दर्शन करता येतं, हे आधीच्या ज्या बायकांनी दाखवून दिलं, त्यांना आपण 'प्रतिष्ठित' या शब्दाच्या बाहेर ठेवलं. फातमा बेगम यांच्या शब्दांतलं पुस्तक आपल्याकडे नाही.

त्यांच्यानंतर जद्दनबाईंनीही असंच केलं. नर्गिसच्या आई. कोठ्याच्या परंपरेतून आलेल्या या बाईने मुंबईत संगीत फिल्म्स काढली आणि १९३६ ला 'मॅडम फॅशन' दिग्दर्शित केला. त्यांची आठवणही आपण 'नर्गिसची आई' म्हणूनच काढतो. फातमा बेगम 'जुबेदाची आई'. आपल्याकडे बाईला आठवायचं तर आधी तिचा नवरा शोधतात. तो सापडला नाही तर मुलगी शोधतात.

आपल्या समाजात अलीकडे 'आमच्या पहिल्या' अशा याद्या फिरवायची सवय लागलीय. पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली पायलट. मी स्वतः अशा याद्या करतो, हे वर सांगितलंच. त्यांचा उपयोग आहे. आपल्याबद्दल जे रोज बोललं जातं, त्याला उत्तर म्हणून त्या लागतात. पण यादीत बसवताना आपण माणसं चाळून घेतो. शिकवणारी चालते, लढणारी चालते, राज्य करणारीही चालते. नाचणारी, गाणारी, पोटासाठी रंग लावणारी चाळणीच्या वर राहते. मग ती मुलगी, जिला चित्र काढायचंय, नाटकात काम करायचंय, मोबाइलवर छोटी फिल्म करायचीय, तिला आपल्या यादीत स्वतःसारखं कुणीच दिसत नाही. ती समजते, आपल्यात असं कधी कुणी केलंच नाही. हे खोटं आहे, आणि हे खोटं आपणच तिला सांगत असतो.

यंदाही वाचनालयात भित्तिपत्रक होणार आहे आणि यादी पुन्हा माझ्याकडेच आलीय. या वेळी फातमा बेगम यांचं नाव मी दहाव्या जागी ठेवलेलं नाही, फातिमा शेख यांच्या शेजारी ठेवलंय. सरांचे डोळे आता अधू झालेत, म्हणून हा लेख मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. कदाचित ते पुन्हा पेन मागतील. मागू देत. निदान या वेळी रेघ मारताना त्यांना माहीत असेल की आपण कुणाचं नाव खोडतोय.